‘अर्धाध्यक्षीय’ मधले ‘अर्ध’ कोणाचे?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे ते आंतोनियो कोस्टा २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान असताना तिथे लोकांनी थेट निवडलेले राष्ट्राध्यक्षही होते, तर अशा राज्यपद्धतीला ‘अर्ध अध्यक्षीय’ म्हणावे की ‘निमअध्यक्षीय’, आणि तिथला अध्यक्ष अर्धाच असतो काय.

लेखनाचा प्रश्न सोपा आहे. दोन्ही पदे संस्कृत असल्याने संधी करून ‘अर्धाध्यक्षीय’ असे जोडून लिहावे. ‘निम’ हे फारसीतून आलेले पद ‘निमसरकारी’, ‘निमलष्करी’ या शब्दांत ‘जवळपास तसे, पण पूर्णपणे नव्हे’ अशी छटा देते. ती इथे नको. कारण फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी रूढ केलेल्या या संज्ञेतला अध्यक्ष थेट लोकांकडून ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो आणि त्याला स्वतःचे भरीव अधिकार असतात. वाटणी होते ती कार्यकारी सत्तेची, आणि दुसरा वाटेकरी असतो संसदेच्या विश्वासावर टिकणारा पंतप्रधान. (आपले राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, म्हणून भारत या वर्गात येत नाही.)

मात्र सामाईक जमिनीत सातबाऱ्यावरच्या नावांपेक्षा वहिवाट कोणाची यावरून भांडण पेटते, तसे इथे पंतप्रधानाला कोण काढू शकतो यावर सारे ठरते. हुकूमशाही संपल्यावर पोर्तुगालने १९७६ साली केलेल्या संविधानात सरकार संसदेबरोबर अध्यक्षालाही जबाबदार होते, आणि त्याच बळावर १९७८ मध्ये अध्यक्ष एयानेश यांनी पंतप्रधान सुआरेश यांना पदावरून दूर केले. १९८२ च्या दुरुस्तीनंतर लोकशाही संस्थांचे नियमित कामकाज राखण्यासाठी आवश्यक असेल तरच अध्यक्षाला सरकार बरखास्त करता येते. कोस्टांच्या काळातले दोन्ही अध्यक्ष विरोधी पक्षातून आलेले असूनही त्यांनी कोस्टांना बडतर्फ केले नाही. याउलट पोर्तुगालचीच जुनी वसाहत असलेल्या गिनी-बिसाऊमध्ये २०१५ साली अध्यक्ष वाझ यांनी स्वतःच्याच पक्षाचे पंतप्रधान परेरा यांना काढले आणि देश दीर्घ राजकीय पेचात सापडला.

शुगार्ट आणि कॅरी या अभ्यासकांनी १९९२ मध्ये याच निकषावर दोन पोटप्रकार केले. त्यांची ‘पंतप्रधान-अध्यक्षीय’ आणि ‘अध्यक्ष-संसदीय’ ही शब्दशः भाषांतरे वाचकाला काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा पहिल्यासाठी ‘मंत्रिमंडळ केवळ संसदेला जबाबदार’ आणि दुसऱ्यासाठी ‘अध्यक्ष व संसद या दोघांनाही जबाबदार’ असे सरळ लिहिणे मला अधिक योग्य वाटते.