शाश्वतता अहवाल चांगला असला की कार कंपनीचा नफा वाढतो का?

'शाश्वतता अहवाल नीट देणाऱ्या कार कंपन्यांचा नफा जास्त असतो, हे प्रोजेक्टमध्ये सिद्ध करता येईल का?' असं तुम्ही विचारलंय. एक्सेलमध्ये तसा संबंध निघेलही, पण त्यावर फार विसंबू नका. ज्या कंपनीच्या गाठीला पैसा आहे तीच ईएसजीचा (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार; शाश्वतता अहवालाचे हेच विषय) वेगळा विभाग ठेवते, सल्लागार नेमते, देखणा अहवाल काढते. आधी नफा की आधी अहवाल, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

फोक्सवॅगनचंच बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात ती वाहन क्षेत्रात अव्वल ठरली. त्याच महिन्यात अमेरिकेत उघड झालं की चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या डिझेल गाड्यांत बसवलेलं आहे. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. पुढच्याच महिन्यात निर्देशांकातून नाव गेलं आणि ते वर्ष तोट्यात गेलं. तोपर्यंत निर्देशांकवाल्यांना काही पत्ता नव्हता, कारण गुण मिळतात ते मुख्यतः कंपनीनेच भरून दिलेल्या माहितीवर.

पैसा हलतो तो आकड्यामागे कायदा आणि दर असला की. युरोपात कार्बन डायऑक्साइडच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कंपनीच्या नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरमागे जितके ग्रॅम जास्त, तितक्या ग्रॅमचा, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे, ग्रॅमला ९५ युरो दंड. २०२० मध्ये याच फोक्सवॅगनची सरासरी जेमतेम अर्धा ग्रॅम वर गेली आणि १० कोटी युरोंहून जास्त रकमेची तरतूद करावी लागली. उलट बाजूला टेस्ला. २०२० मध्ये तिने इतर कंपन्यांना १५८ कोटी डॉलरची क्रेडिट्स (धुराचे नियम पाळून वर उरलेली, विकता येणारी सवलत) विकली आणि वर्षाचा निव्वळ नफा होता ७२ कोटी. म्हणजे क्रेडिट्स नसती तर ते वर्ष तोट्याचं. गंमत म्हणजे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० च्या ईएसजी निर्देशांकातून हीच टेस्ला बाहेर काढली गेली!

आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर हा ठरावीक नमुन्यातला शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात उत्सर्जन 'उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे' मांडतात. आता गाडीची किंमत वाढवली की उलाढाल फुगते आणि हा आकडा आपोआप खाली येतो, कारखान्यात एक दिवाही न विझवता. शिवाय गाडी आयुष्यभर रस्त्यावर जो धूर सोडते तो स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्याबाहेर, पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनात मोडतो. कार कंपनीच्या एकूण उत्सर्जनात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, आणि बीआरएसआरमध्ये तो देणं ऐच्छिक आहे.

मी भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. बड्या कंपन्यांची ईएसजी शीट आमच्याकडे येते: विजेचे युनिट, जनरेटरचं डिझेल, पाणी, वापरलेलं कूलंट कुणाला दिलं. शीट भरली म्हणून पार्टचा रेट एक पैसाही वाढत नाही, दरवर्षीची भावकपात असतेच. फायदा झाला तो आडवाटेने. युनिट विभागवार दाखवायचे म्हणून सबमीटर बसवले, तर रविवारी सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेताना दिसला. हवेच्या लाइनला जागोजागी गळती. जॉइंट आणि होस बदलले आणि पुढच्या महिन्यात महावितरणच्या बिलात फरक दिसला.

म्हणून प्रोजेक्टचा प्रश्न बदला असं सुचवेन. 'अहवालाचा दर्जा विरुद्ध नफा' न घेता दोन-तीन कंपन्यांचे पाच वर्षांचे अहवाल घ्या आणि प्रति गाडी वीज, पाणी व उत्सर्जन काढा, प्रति रुपया नको. उत्पादनाचे आकडे वार्षिक अहवालात मिळतात. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेकडेही असतात, पण सविस्तर हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. कॉलेजच्या ग्रंथालयात आधी विचारा.