पवई तलावासाठी मासेमारीचा पहिला रॉड

साडेतीन पौंड टेस्ट कर्व्हचा ताठ रॉड दुकानदार गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. टेस्ट कर्व्ह म्हणजे टोक काटकोनात वाकवायला लागणारं वजन. 2.75 पौंड, म्हणजे साधारण सव्वा किलो, रोहू-कटल्याला पुष्कळ. 75-80 ग्रॅमचं शिसं बिनधास्त फेकता येतं. फार ताठ रॉड असला की काठाशी आलेल्या माशाने हिसडा मारल्यावर टोक दबत नाही आणि गळ ओठातून निसटतो. दुकानात टोक कुणाला तरी धरायला लावून वाकवून बघ, बाक रॉडच्या मध्यापर्यंत उतरायला हवा.

लांबी? मागे झाडं असतील तर 10 फूट, लांब फेकायचं तरच 12. त्यातही तीन तुकड्यांचा बघ. दोन तुकड्यांचा घेतलास तर सहा फुटांची काठी घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढून दाखव!