बाहेरच्या मेकॅनिककडून प्रेस दुरुस्त केल्यास अपघाताची जबाबदारी कोणाची?

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर येईपर्यंत पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे व आकार देणारे यंत्र) आठ दिवस बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून बाहेरच्या मेकॅनिककडून त्याचे विजेचे पॅनेल दुरुस्त करून घेतले तर पुढे अपघात झाल्यावर कंपनी हात झटकेल का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही. हिंगणा एमआयडीसीत प्रेस-शॉपची देखभाल पाहतो.

जळालेला कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढून त्याच रेटिंगचा नवा बसवणे ही दुरुस्ती झाली, फेरफार नव्हे. फेरफार कसा असतो ते मी एका शेडमध्ये पाहिले आहे. ऑपरेटरचे दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी डावे बटण पॅनेलमध्ये वायरच्या बोटभर तुकड्याने शॉर्ट करून ठेवले होते. उजव्या हाताने बटण दाबायचे आणि डाव्याने पत्रा सरकवायचा. तो तुकडा काढायला दोन मिनिटे लागली, मालकाला पटवायला अख्खी दुपार.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 84 प्रमाणे निर्मितीतील किंवा रचनेतील दोषासाठी उत्पादक जबाबदार असतो, तर कलम 87 प्रमाणे हानीच्या वेळी वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. मात्र व्यापारी हेतूने घेतलेल्या यंत्राचा मालक या कायद्याने ग्राहकच ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी यंत्र घेतलेल्यालाच तेवढी सूट आहे. कामगाराला इजा झाली, तर नुकसानभरपाईसाठी पहिले बोट मालकाकडेच वळते, मग कंपनीशी आपला वाद काहीही असो.

कंपन्यांच्या अडवणुकीबद्दलची आपली चीड मला मान्य आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता, आणि केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी नेमलेल्या समितीपुढे शेती अवजारांचाही विषय होता. आपल्या प्रेसला त्याचा आज थेट उपयोग नाही.

म्हणून मेकॅनिककडून बिलावर भागाचे नाव, रेटिंग आणि तारीख लिहून घ्या, जुना भाग पिशवीत घालून ठेवा, आणि काम झाल्यावर दोन्ही बटणे, गार्ड व इमर्जन्सी स्टॉप तपासून लॉगबुकात सही घ्या. सही करायला जो मेकॅनिक कचरतो, त्याला माझ्या पॅनेलला मी हात लावू देत नाही.