मावशीची गाठ आणि लेकीचं फिजिक्स

"मुलगी बी.एस्सी. फायनलला आहे, फिजिक्स घेऊन. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनात गाठ निघाली. साध्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, काही दिसलं नव्हतं, मग नागपूरला थ्रीडी मशीनवर दिसली. बहीण आता बरी आहे. पण तेव्हापासून मुलगी म्हणते, 'मला या मशीनचंच काम करायचंय.' घरचे म्हणतात, बी.एड. करून टाक. सासूबाई म्हणतात, रेडिएशनमध्ये मुलीच्या जातीने जाऊ नये, पुढे मूलबाळ व्हायला त्रास होतो. भाचा म्हणतो, हे सगळं आता एआय करणार. काय करावं?"
– एक आई, यवतमाळ

ताई, सप्रेम नमस्कार.

बहीण बरी आहे हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. आता लेकीचं. तिने फिजिक्स सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला जे काम खुणावतंय ते मुळात फिजिक्सचंच आहे. ते कसं, हे तुम्हाला नीट कळायला हवं, कारण घरात तिची बाजू तुम्हालाच मांडावी लागेल.

हाडाचा फोटो काढणं त्या मानाने सोपं. हाड क्ष-किरण अडवतं, मांस जाऊ देतं, फरक लगेच उमटतो. स्तनात हाड नाही. चरबी, ग्रंथी आणि गाठ, सगळंच मऊ. त्यातही ग्रंथी आणि गाठ क्ष-किरणांना जवळजवळ सारख्याच अडवतात. वय कमी असलं की ग्रंथी दाट असतात. फोटोत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. वेचलेल्या कापसाच्या ढिगात पांढरा मणी शोधावा, तशी गत. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात होतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला जास्त छळते. तुमच्या बहिणीच्या बाबतीतही हेच झालं असेल. रिपोर्ट न पाहता मी कुणाला दोष देणार नाही.

हा बारीक फरक दिसावा म्हणून मॅमोग्राफीत मुद्दाम मंद, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण वापरतात. छातीच्या फोटोला शंभर-सव्वाशे किलोव्होल्ट लागतात, इथे २५ ते ३५. पूर्वीच्या मशीनमध्ये त्यासाठी मॉलिब्डेनम धातूचं टार्गेट असायचं (टार्गेट म्हणजे ज्यावर इलेक्ट्रॉन आदळले की क्ष-किरण निघतात तो भाग), कारण त्याच्या ठरावीक किरणांची ऊर्जा या कामाला नेमकी जुळते. लेकीला विचारा, 'कॅरॅक्टरिस्टिक एक्स-रे'चा आलेख तिने वहीत काढलेला असेल. तो आलेख म्हणजेच हे मशीन.

मग २००० साली अमेरिकेत फिल्मऐवजी डिजिटल डिटेक्टरच्या मॅमोग्राफीला मंजुरी मिळाली आणि २०११ मध्ये टोमोसिंथेसिसला. तुम्ही थ्रीडी म्हणता ते हेच. यात क्ष-किरण सोडणारी ट्यूब एका जागी थांबत नाही; कमानीसारखी फिरत जाते आणि थोड्या थोड्या किरणांत नऊ ते पंचवीस फोटो घेते. एसटीच्या खिडकीतून बघताना जवळची झाडं भराभर मागे पळतात, लांबचं देऊळ हळूच सरकतं. म्हणून समोरून झाडाआड असलेलं देऊळ गाडी पुढे गेली की दिसतं. तसंच इथे ट्यूब सरकली की ग्रंथींच्या आड दडलेली गाठ बाजूला होते. या सगळ्या फोटोंवरून कॉम्प्युटर मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या तयार करतो. मला स्वतःला ही कल्पना फार सुंदर वाटते.

याच्याही पुढे आयोडीन देऊन करायची मॅमोग्राफी आहे. गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्या गळक्या असतात, आणि शिरेतून दिलेलं आयोडीन तिथे साचतं. किरणांची ऊर्जा ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की आयोडीन एकदम जास्त किरण शोषतं. म्हणून एक फोटो त्याच्या खालच्या ऊर्जेवर, एक वरच्या, आणि दोन्हींची वजाबाकी. उरतं ते आयोडीन. हेही तुमच्या लेकीच्या अभ्यासक्रमातलंच.

आता भाच्याचा मुद्दा. स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिथे प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वाचतात. एआयची मदत घेतल्यावर वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि सापडलेल्या कर्करोगांची संख्या घटली नाही. म्हणजे भाचा अगदीच चुकीचं बोलत नाही. फोटो वाचण्याचं काम बदलणार आहे. पण तो फोटो आधी नीट निघावा लागतो. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून पसरवावा लागतो, काखेकडचा भाग फोटोत यावा लागतो, बाई आधीच घाबरलेली आणि संकोचलेली असते. तो भाग फोटोत आलाच नाही तर कुठलाही एआय तो वाचणार नाही. आणि मशीन रोज खरं बोलतंय का, हे बघणारंही कुणीतरी लागतं.

सासूबाईंची काळजी मी थट्टेवारी नेणार नाही, ती मायेपोटी आहे. या क्षेत्रातला माणूस छातीवर टीएलडी बॅज लावतो, त्यावर त्याला मिळालेल्या किरणांची नोंद होते. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेले किरण मोजायचं माप). मॅमोग्राफीचे किरण मंद असल्याने ते अडवणं सोपं असतं आणि फोटो घेताना कर्मचारी आडोशामागे उभा राहतो. गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी त्याहून कितीतरी कडक मर्यादा लागू होते, एक मिलिसिव्हर्ट. नियम पाळणाऱ्या ठिकाणी मुलींनी घाबरण्यासारखं काही नाही. बॅज न देणाऱ्या ठिकाणी मात्र मुलीनेच काय, मुलानेही नोकरी करू नये.

वाटेबद्दल. फोटो वाचायचे असतील तर आधी एमबीबीएस, मग रेडिऑलॉजीत एमडी; ती वाट आता फार लांबची. फोटो काढायचे असतील तर टेक्नॉलॉजिस्ट व्हावं लागतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे, पण तो बारावीनंतरचा. मॅमोग्राफीला बाई टेक्नॉलॉजिस्टच हवी असते, त्यामुळे त्या कामाला मान आहे; तरी तीन वर्षांची पदवी हातात येत असताना पुन्हा पहिल्या पायरीवर जावं, असं मी म्हणणार नाही.

तिच्यासाठी माझ्या मते सरळ वाट मेडिकल फिजिसिस्टची, म्हणजे रुग्णालयातली किरणांची यंत्रं आणि मात्रा सांभाळणाऱ्या फिजिक्सवाल्याची. एम.एस्सी. फिजिक्स, मग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम, मग रुग्णालयात इंटर्नशिप. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. काही विद्यापीठांत थेट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्सही करता येतं. प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता आहे का, एवढं नक्की तपासा.

एक गोष्ट तिला आजच सांगून ठेवा, नाहीतर पुढे हिरमोड होईल. आपल्याकडे मेडिकल फिजिसिस्टच्या बहुतेक जागा रेडिओथेरपीत आहेत, म्हणजे किरणांनी उपचार करण्याच्या विभागात. निदानाच्या मशीनवर त्या मानाने कमी. पण क्ष-किरण यंत्रांची ठरावीक काळाने गुणवत्ता चाचणी करावीच लागते आणि ती करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था आहेत. स्तनाच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा ठेवायचा. त्याच्या आत बारीक धागे, कण आणि खोट्या गाठी असतात. त्यातलं किती दिसतं यावर मशीन पास की नापास ठरतं. तुमच्या बहिणीसारखीची गाठ निसटू नये, यासाठीचं हे अगदी थेट काम. संशोधनाची ओढ असेल तर इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणारं मोठं यंत्र) क्ष-किरण प्रतिमांसाठी वेगळी बीमलाइन, म्हणजे ते किरण वापरायची जागा, आहे, तेही तिने वाचून ठेवावं.

आणखी एक, कारण ती मावशीमुळे या वाटेकडे वळली आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, मशीन नाही. पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या जिल्ह्यातल्या किती बायका थ्रीडी मशीनपर्यंत पोचतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मशीनवर काम करणाऱ्या मुलीला हाही अभ्यास ठाऊक असावा.

परीक्षा संपली की कॉलेजचं पत्र घेऊन नागपूरच्या एखाद्या कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्टला भेटायची परवानगी मागा. रेडिओथेरपी विभाग असेल तिथे फिजिसिस्ट असावाच लागतो. दोन दिवस तिला तिथे नुसतं बसू द्या. मावशीची हरकत नसेल तर दोन्ही वेळचे फोटो सोबत न्यावेत आणि विचारावं, पहिल्यात गाठ का दिसली नाही? उत्तर ऐकून ती घरी काय सांगते, ते मला जरूर कळवा.