वेळापत्रके तीन, इंजिनिअर एक

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या बांधकाम कार्यालयात नऊ माणसे असून सध्या तीन कामे चालू आहेत : शहरातील एक इमारत, गणपतीपुळ्याजवळची एक निवासव्यवस्था आणि गुहागरकडील शाळेचे छप्पर. तिन्हींची वेळापत्रके मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये स्वतंत्र फाइलींत केली आहेत. कोणत्याही फाइलीत कोणावर जादा भार दिसत नाही, तरीही आमचे साइट इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत अडकलेले असतात. असे का व्हावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे तिन्ही हिशेब बरोबर असतील, पण ते एकमेकांना ठाऊक नाहीत. एका फाइलीत इंजिनिअर ६० टक्के आणि दुसरीत ७० टक्के लावले, तर प्रत्येक फाइल आपापल्यापुरती निश्चिंत असते. बेरीज १३० टक्के, म्हणजे आठ तासांच्या दिवसात जवळजवळ साडेदहा तासांचे काम झाले, हे कोणतीच फाइल पाहत नाही. नाव सारखे असले तरी प्रोग्रामच्या लेखी त्या दोन व्यक्ती आहेत. म्हणून केवळ माणसांची नावे असलेली चौथी फाइल करून ती ‘रिसोर्स पूल’ म्हणून तिन्ही वेळापत्रकांना जोडावी. मग जादा भार असलेले नाव तक्त्यात लाल दिसू लागेल.

त्याच फाइलीत प्रत्येकाचे कॅलेंडर तपासावे. मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार असते. तुमच्याकडे शनिवारी काम होत असेल तर ते नोंदवावे लागते, आणि गौरी-गणपतीच्या तारखा तिथीनुसार बदलत असल्याने त्या सुट्ट्याही दरवर्षी हाताने भराव्या लागतात. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर गाठण्यात जाणारा वेळ बहुधा कोणीच लिहीत नाही. तो स्वतंत्र काम म्हणून लिहावा.

जादा भार आपोआप उतरवणारे ‘लेव्हलिंग’चे बटण मात्र जपून दाबावे. ते माणूस बदलून देत नाही, फक्त कामे पुढे ढकलते किंवा त्यांचे तुकडे पाडते, आणि मृग कधी लागतो हे त्याला माहीत नसल्याने शाळेची शाकारणी मेमधून बिनदिक्कत जूनअखेरीस नेऊन ठेवील. प्राधान्याचा आकडा ० ते १००० असतो व न बदलल्यास ५०० राहतो. छपराच्या कामाला १००० दिले की ते जागचे हलत नाही. त्याऐवजी शहरातील इमारतीचे आतले लादीकाम जुलैत गेले तरी निभावेल, मात्र तिच्या मालकांशी एप्रिलमध्येच बोलून घ्यावे.