वेळ खाटेपाशी लिही

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, वाचला. प्रोकॅल्सिटोनिन घ्यावं, प्रेसेप्सिन घ्यावं (हे बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण दाखवणारे रक्तातले घटक), की दोन्ही घेऊन मृत्यूचा अंदाज बांधणारं मॉडेल करावं, यात तू अडकली आहेस. गाईड एक सांगतात, सीनियर दुसरंच सुचवतो, आणि एथिक्स कमिटीची तारीख तोंडावर आली आहे. लहान मुलांतला सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं, हा विषय का घ्यावा, हे तुला सांगायला नको. पण तुझ्या सगळ्या पानांत एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही: कुठली गोष्ट कधी घडली हे कोण लिहिणार, कुठे लिहिणार आणि कुठलं घड्याळ बघून लिहिणार?

जुने केसपेपर काढून त्यावरून ‘पहिल्या अँटिबायोटिकपर्यंत गेलेला वेळ’ मोजू, असं तू म्हणतेस. केसपेपरवरची वेळ कशाची असते? ऑर्डर लिहिल्याची. ९ वाजता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लिहिलं, नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले, तेवढ्यात शीर फुगली, दुसरी लाईन (शिरेतली सुई) लागायला वेळ गेला, आणि औषध आत गेलं १० वाजून १७ मिनिटांनी. कागदावर ९ ते ९च. अशा कागदांवर कितीही भारी सांख्यिकी चालवलीस तरी हाती लागेल ते ऑर्डर कधी लिहिली एवढंच.

बरं, वेळा खऱ्या आहेत असं धरू. जे मूल सर्वांत गंभीर, त्याच्याकडे सगळे धावतात. त्याला औषध २० मिनिटांत मिळतं आणि तरीही ते जातं. जरा बरं दिसणारं मूल दोन तास थांबतं आणि वाचतं. टेबलात मग लवकर औषध देणंच घातक दिसायला लागतं. शिवाय ‘उशिरा औषध मिळालं’ या गटात यायला मुलाला तेवढा वेळ जगावं लागतं. औषधाआधीच जे गेलं, ते कुठल्या गटात घालणार? यातून वाट निघते, पण त्यासाठी आलं तेव्हा मूल किती गंभीर होतं हे वेळेसकट माहीत हवं. ते नंतर आठवून लिहिता येत नाही. वेळ खाटेपाशी लिही, त्याच क्षणी.

आधी शून्य वेळ ठरव. मूल कॅज्युअल्टीच्या दारात आलं ती वेळ, की डॉक्टरने ‘हा शॉक आहे’, म्हणजे रक्ताभिसरण कमी पडतंय, असं ओळखलं ती? दोन्ही लिही, विश्लेषण कुठल्या वेळेवरून करणार ते आधीच ठरव आणि मग बदलू नकोस. तालुक्याहून पाठवलेल्या मुलाला तिथेच सलाईन आणि इंजेक्शन मिळालेलं असतं. रेफरल चिठ्ठी फायलीत जाण्याआधी तिचा फोटो काढून ठेव, नाहीतर तुझा ‘पहिला डोस’ प्रत्यक्षात दुसरा असेल.

बोलसचंही, म्हणजे शिरेतून थोड्या वेळात दिलेल्या द्रवाच्या डोसाचंही, तेच. ‘२० मिली प्रतिकिलो दिला’ ही नोंद मला चालत नाही. दिल्लीच्या एम्सची २०१७ची चाचणी बघ: सेप्टिक शॉकमधल्या मुलांना प्रत्येक बोलस एका गटात ५ ते १० मिनिटांत, दुसऱ्या गटात १५ ते २० मिनिटांत. घाईने दिलेल्या गटात जास्त मुलांना व्हेंटिलेटर लागला. फरक काही मिनिटांचा, आणि आपल्या कागदांवर बोलस कधी संपला तेच नसतं! ५० मिलीच्या सिरिंजने थ्री-वेवरून (लाईनच्या तीन तोंडांच्या चावीतून) दिला की बाटली लटकवून सोडला, सुरू केव्हा झाला, संपला केव्हा, हे सगळं हवं.

गंभीर संसर्ग झालेल्या मुलांना बोलस द्यावा का हे बघणारी आफ्रिकेतली फीस्ट चाचणी तुला माहीतच आहे. युगांडा, केनिया, टांझानिया, २०११, मुख्य गटात ३१४१ मुलं. ४८ तासांतले मृत्यू अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बोलसमध्ये १०.६ टक्के, सलाईन बोलसमध्ये १०.५, बोलस न दिलेल्यांत ७.३. सगळ्यांनी आधी धरलं की पाणी जास्त झालं, फुप्फुसात गेलं. पण मृत्यूआधीच्या नोंदी तपासल्यावर जादा मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरण कोसळून झाल्याचं दिसलं. व्हेंटिलेटर नसलेल्या वॉर्डांत मुलांच्या खाटेपाशी कुणीतरी नेमाने लिहीत होतं, म्हणून हे कळलं.

इतकं लांब तरी कशाला जायचं? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरी काळजी घेतली, सेप्सिसला जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं की, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. तुलनेच्या गावांतलेही जन्म-मृत्यू नीट नोंदले नसते, तर हा आकडा कुणी मानला असता का? तुझ्याकडे सेंट्रल मॉनिटर आहे, रक्तातले वायू तपासणारं एबीजी मशीन आहे, आणि वेळ लिहायला माणूस नाही म्हणतेस. हे मला पटत नाही.

मुलांतला सेप्सिस ठरवायचे फिनिक्स निकष वापरणार आहेस, चांगलं आहे. २०२४पासून तेच धरायचे. संसर्गाचा संशय असताना श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू मिळून २ किंवा जास्त गुण म्हणजे सेप्सिस, त्यात रक्ताभिसरणाचा एक तरी गुण असेल तर सेप्टिक शॉक. पण न केलेल्या तपासणीला तिथे शून्य गुण मिळतो. रात्री डी-डायमर (रक्त गोठण्याची एक तपासणी) पाठवलंच नाही, तर कागदावर ते मूल बरं दिसतं. म्हणून ‘नॉर्मल’ आणि ‘पाठवलं नाही’ हे दोन वेगळे रकाने ठेव. लॅक्टेट (रक्ताभिसरण कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) ५पासून एक गुण, ११पासून दोन. दंडाला पट्टा घट्ट आवळून, हातपाय झाडणाऱ्या मुलाचं काढलेलं, किंवा टेबलावर अर्धा तास पडून राहिलेलं लॅक्टेट चढतं. नमुना बर्फावर ठेव, १५ मिनिटांत मशीनला लाव, आणि काढल्याची वेळ लिही; मशीन छापतं ती तपासणीची वेळ.

आता कार्ड. अर्ध्या पानाचं, जाड कागदाचं, खाटेच्या दांडीला पेनसकट बांधलेलं. रकाने एवढेच: आगमन, शॉक ओळखला, लाईन लागली, जंतू शोधायला रक्ताचं कल्चर घेतलं (किती मिली), अँटिबायोटिक शिरेत गेलं, प्रत्येक बोलस सुरू आणि बंद, अ‍ॅड्रेनलिन सुरू, श्वासनलिकेत नळी घातली. वजन काट्यावरचं की अंदाजाने, यावर गोल कर. कॅपिलरी रिफिल (दाबलेल्या त्वचेत रक्त परतायला लागणारा वेळ) घेताना हात हृदयाच्या पातळीला, बोट ५ सेकंद दाबून. सिरिंज ढकलणाऱ्याने कार्ड भरायचं नाही. इंटर्नला किंवा सिस्टरना तेवढंच काम दे आणि त्यांची नावं प्रबंधाच्या आभारांत घाल.

दर सोमवारी भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, एबीजी मशीन आणि तुझा मोबाइल ताडून बघ. फरक वहीत लिही. एबीजी मशीन बारा-पंधरा मिनिटं पुढे असेल, तर नमुना काढण्याआधीच बोलस दिल्यासारखा दिसेल. आणि महिन्याने सगळ्या वेळांचा शेवटचा अंक मोज. ० आणि ५ मिळून साधारण पाचवा हिस्सा यायला हवा. निम्म्याहून जास्त आले, तर समज की कार्डं ड्यूटी संपताना, चहा पिता पिता भरली जाताहेत.

पाण्याची बेरीज करताना फ्लश (लाईन साफ ठेवायला सोडलेलं सलाईन) विसरू नकोस. ६ किलोच्या बाळाचा १० मिली प्रतिकिलो बोलस म्हणजे ६० मिली. दिवसभराचे फ्लश, औषधं पातळ करायला वापरलेलं पाणी आणि इनोट्रोपची (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाची) ड्रिप मिळून तेवढं सहज होतं, आणि ते कुठेच मांडलेलं नसतं.

मृत्यू हा मुख्य निष्कर्ष ठेवू नकोस. मृत्युदर २० टक्क्यांवरून १५वर आला हे दाखवायला प्रत्येक गटात ९००च्या आसपास मुलं लागतात. दीड वर्षात, एका युनिटमध्ये, कुठून आणणार? अँटिबायोटिकपर्यंतचा वेळ किंवा शॉक उतरायला लागलेला वेळ घे. तातडीच्या स्थितीत संमती नंतर घेण्याची तरतूद हवी असेल, तर ती एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घे. चाचणी करणार असशील, तर पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयकडे (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी झालेली हवी. मागाहून ते घेत नाहीत.

घड्याळ-घड्याळ करते म्हणून मला हेकेखोर म्हणतात, हे ठाऊक आहे. म्हणोत. बायोमार्कर दर काही वर्षांनी बदलले, निकष बदलले, नीट लिहिलेल्या वेळा मात्र दर वेळी नव्याने कामाला आल्या. प्रोकॅल्सिटोनिन हवं तर ठेव, माझी हरकत नाही. पण तेही किती वाजता काढलं, ते लिहायचंच.

सिनॉप्सिसचा दुसरा मसुदा एवढ्यात पाठवू नकोस. आधी १० मुलांची कार्डं भर, नावं आणि नोंदणी क्रमांक झाकून फोटो पाठव, सोबत सोमवारच्या घड्याळांच्या वहीचं पान. बायोमार्करचं त्यानंतर बघू.