पगारातून कापलेला एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) पैसा नेमका कोणाच्या ताब्यात असतो?

ताई, तुमचे प्रश्न तीन. 2009 पासून पगारातून दहा टक्के कापतात ते पैसे कोण सांभाळतं, राज्य सरकार त्यांना हात लावू शकतं का, आणि नागपुरात यशवंत स्टेडियमवरच्या मोर्च्यात ऐकलेलं "आपला पैसा शेअर बाजारात उडवतात" हे कितपत खरं? माझी नोकरी लेखा शाखेत गेली, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. जुन्या पेन्शनचा "फंड" असा काही नसतोच. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे जे मिळतं, ते त्या-त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून. विदर्भ-मराठवाड्याची ती प्रकरणं आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय) मंजूर करतं, पैसे कोषागार देतं. गुंतवणूक नाही, एनएव्ही (गुंतवणुकीच्या एका युनिटचा, म्हणजे हिश्श्याचा, भाव) नाही, फक्त सरकारची हमी.

तुमचं तसं नाही. तुम्ही लागलात डीसीपीएसमध्ये, म्हणजे राज्याच्या परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजनेत. ती योजना एनपीएसमध्ये 2015 ला गेली. तोवर तुमची कपात सरकारच्याच हिशेबात होती आणि तिच्यावर भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज धरलं जायचं. म्हणून त्या वर्षांच्या आर-3 (वार्षिक हिशेबाच्या) चिठ्ठ्या जपून ठेवा. आमच्याकडच्या बहुतेक तक्रारी याच काळातल्या निघायच्या.

आता कारभार. सगळ्यात वर पीएफआरडीए, 2013 च्या कायद्याने अधिकार मिळालेलं नियामक प्राधिकरण. पैसा मात्र त्यांच्याही नावावर नसतो. तो असतो 2008 मध्ये स्थापन झालेल्या एनपीएस ट्रस्टकडे, म्हणजे विश्वस्तांकडे, तुमच्यासाठी धरून ठेवलेला. गुंतवणूक करतात पेन्शन फंड. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या योजनेत ते एसबीआय, एलआयसी आणि यूटीआय यांचे. कोणाचे किती युनिट, हा हिशेब ठेवते सीआरए, म्हणजे मध्यवर्ती नोंदी ठेवणारी संस्था, जिला सगळे अजून एनएसडीएलच म्हणतात. नाव बदलून प्रोटिअन झालंय. पैसा आणणं-नेणं ट्रस्टी बँकेचं. गुंतवणारा वेगळा, हिशेब ठेवणारा वेगळा आणि मालकी तिसऱ्याकडे, अशी ही रचना मुद्दाम केलेली आहे.

सरकार हात लावू शकतं का? राजस्थान, छत्तीसगडने जुनी पेन्शन परत आणली तेव्हा एनपीएसमध्ये साठलेला पैसा राज्याला परत मागितला होता. कायद्यात तशी तरतूदच नाही म्हणून नकार मिळाला. राज्यांना ते झोंबलं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

शेअर बाजाराचंही तसंच. सरकारी योजनेत शेअर्सचा वाटा बराच काळ 15 टक्क्यांच्या आत ठेवलेला होता, मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत. व्यवस्थापन शुल्क शंभर रुपयांमागे दहा पैशांच्याही आत. तेव्हा "उडवतात" वगैरे मोर्च्यातलं भाषण समजा. माझा आक्षेप वेगळाच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कर्मचाऱ्यांचा कॅलपर्स म्हणून निधी आहे. त्याच्या 13 जणांच्या मंडळात 6 जण सभासदांनी निवडून दिलेले असतात. आपल्याकडे पगारातून कपात होणारे कर्मचारी लाखो, पण विश्वस्त मंडळावर आपण निवडून दिलेला एकही माणूस नाही. संघटनांनी हे लावून धरायला हवं होतं. जुनी पेन्शन हवीच या आग्रहात ते राहून गेलं.

मग पैसा अडकतो कुठे? वर नाही, खाली, आपल्याच कार्यालयात. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 60,000 धरा. तुमचे 6,000 आणि सरकारचे 14 टक्क्यांनी (2019 पासून; आधी दहाच होते) 8,400, एकूण 14,400. डीडीओने (कार्यालयातल्या पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याने) सेवार्थमध्ये, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन पगारप्रणालीत, देयक काढलं, कोषागाराने पास केलं, मग कपातीची फाईल सीआरएकडे चढते आणि पैसे ट्रस्टी बँकेत जातात. फाईल आणि रक्कम तंतोतंत जुळली तरच युनिट मिळतात. एका माणसाच्या प्रान नंबरमध्ये (एनपीएसच्या कायम खाते क्रमांकात) एक आकडा चुकला की घोडं अडलं. मधल्या काळात एनएव्ही 30 वरून 32 वर गेली, तर 480 ऐवजी 450 युनिट पदरात पडतात. पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो. एका कार्यालयात बदलून आलेल्या बाईंची कपात कित्येक महिने जुन्याच डीडीओच्या नावावर लटकली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

म्हणून सीआरएच्या साइटवरून वर्षाचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा आणि पगारपत्रकांशी महिनावार लावून बघा. दोन्ही हिस्से, बाराही महिने. महागाई भत्त्याच्या थकबाकीवरची कपात हमखास सुटते, ती वेगळी तपासा. नॉमिनीही बघून घ्या. लग्नाआधी भरलेलं नाव तसंच राहिलेलं असतं.

1 मार्च 2024 पासूनच्या सुधारित योजनेबद्दल (शेवटच्या पगाराच्या 50 टक्के आणि त्यावर महागाई वाढ) तुम्ही विचारलं नाही, पण ओघाने सांगतो. विकल्प द्यायचा तर शासन निर्णय स्वतः वाचून द्या, व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यावर जाऊ नका. नेहमीच्या एनपीएसमध्ये निवृत्तीला किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन) घ्यावीच लागते, बाकीचे रोख. त्याच्याशी तुलना स्वतःच्या आकड्यांवर करा.

हप्ता गायब दिसला तर "मिसिंग क्रेडिट" असा विषय लिहून डीडीओकडे अर्ज द्या. महिना, देयक क्रमांक, व्हाउचर क्रमांक आणि प्रान चारही त्यात हवेत. पोच घ्या, एक प्रत कोषागाराला द्या. सोबत सीआरएकडे ऑनलाइन तक्रार टाकून टोकन नंबर जपा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर एनपीएस ट्रस्टकडे, आणि तिथेही नाही लागला तर पेन्शन तक्रारींच्या लोकपालाकडे (ओम्बुड्समन) जाता येतं. तोंडी विचारून मात्र "पाहतो ना ताई" एवढंच मिळेल.